हस्तांतरण

पाच विरुद्ध दोन.
शाळेच्या जेवणघरात, रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी ठरलं
की पोरं आता कंत्राटदार नेईल.
वर्षाला एक लाख चौऱ्याऐंशी हजार डॉलर वाचतील, म्हणाले.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
व्हर्ना कोस्केलानं कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली
आणि खुर्ची घडी करून भिंतीला लावली,
दर सभेनंतर लावायची तशी.

मी गॅरेजवाला. माझ्याकडे यादी मागितली.
अकरा बसेस, बावीस किल्ल्या,
जॅक, बर्फाच्या साखळ्या, अर्धं पिंप डिझेल.
नऊ नंबरचा हीटर अडला
की डाव्या पत्र्यावर मूठ मारायची, हलकेच,
हे ‘शेरा’मध्ये लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.
रकाना बोटभर. मावणार किती त्यात?

नऊ नंबर व्हर्नाची. सव्वीस वर्षं.
ल्युंडक्विस्टांचा म्हातारा कुत्रा चाकाजवळ येऊन बसतो,
तिथं हॉर्न दोनदा.
त्यांची धाकटी आईशी भांडून चढते,
तिला खिडकी द्यायची, विचारायचं काही नाही.
आणि पुलापलीकडचा एमेट.
घरात दिवा नसेल तर थांबायचं.
दिवा लागतोच.

कंत्राटदाराच्या टॅब्लेटवर
थांब्याला सेकंद चाळीस.

व्हर्नानं अर्ज भरायला घेतला, स्वतःच्याच नोकरीचा.
तासाला चार डॉलर कमी, विमा नाही.
‘पूर्वानुभव’पाशी पेन थांबलं
ते थांबलंच.
नंतर त्या कागदावर कॉफीचा मग असायचा.

नोव्हेंबरात नवा ड्रायव्हर आला.
त्याचा राग करायचं मी आधीच ठरवून ठेवलेलं.
अब्दिरिझाक नाव, राहायला दीड तासावर सेंट क्लाउडला,
घरून पहाटे साडेतीनला निघायचा.
हार्डवेअरच्या दुकानात, जिथं मी आता खिळे तोलतो,
तो हातमोजे घ्यायला आला,
सगळ्यांत स्वस्त.
पायात पातळ बूट.
रागाला धरायला कुठं कडच सापडेना.

जानेवारीत, उणे एकतीसमध्ये,
पुलापलीकडे दिवा नव्हता.
बस चाळीस सेकंद थांबली आणि गेली.
पोरगा मागून निघाला, चालत,
पुलावर बर्फ काढणाऱ्या गाडीला दिसला.
कानाच्या पाळ्या पांढऱ्या.
बरा झाला. पाळ्या अजून सोलतात.
कंपनीनं लेखी कळवलं:
थांबा वेळेत घेण्यात आला होता.

त्याच संध्याकाळी अब्दिरिझाक दुकानात आला.
घ्यायचं काहीच नव्हतं.
काउंटरच्या कडेला हात टेकून उभा राहिला
आणि म्हणाला, माझ्याआधी ही बस कोण चालवायचं?

व्हर्नानं दार अर्धंच उघडलं.
बराच वेळ अर्धंच ठेवलं.
मग आत वळताना म्हणाली, बूट काढू नका, फरशी गार आहे.

विजेच्या बिलामागं तिनं नकाशा काढला.
कुत्रा काढला, जमला नाही, मेंढीसारखा झाला.
खिडकी. पूल.
पुलापलीकडे एक चौकोन, त्यात पिवळा ठिपका,
त्यासाठी ती उठून नातवाचा रंगखडू घेऊन आली.
त्यानं विचारलं, इथं किती सेकंद?
ती त्याच्याकडे पाहत राहिली,
काटा नसलेल्या घड्याळाकडे पाहावं तशी.

दुसऱ्या दिवसापासून पुलापाशी
टॅब्लेटवर त्याची लोकरीची टोपी असते.

मार्चमध्ये नोटीस आली. एकूण उशीर
चौदा मिनिटं, तारखांनिशी.
ती त्यानं व्हर्नाला नेऊन दाखवली.
तिनं चष्मा लावला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली,
आणि म्हणाली,
अकरा तारीख चुकलीय यांची.
त्या दिवशी वादळ होतं.
शाळाच नव्हती.